विल्यम हिलेब्रँड : अचूक मोजमापाचा आग्रही

खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी टायटॅनियमची जी एक मिश्रधातू वापरतात, तिच्यात ऑक्सिजन ०.१३ टक्क्यांहून अधिक चालत नाही. ऑक्सिजन वाढला की धातू कठीण होतो, पण त्याची लवचीकता घटते आणि तो तडकण्याचा धोका वाढतो. इतका अल्प ऑक्सिजन मोजणारे यंत्र अचूक आहे की नाही, हे पाहण्यासाठी ऑक्सिजनचे प्रमाण आधीच खात्रीने ठाऊक असलेला धातूचा तुकडा त्यात तपासतात. हाच प्रमाणित संदर्भ पदार्थ. अशा पदार्थांची परंपरा रुजवणाऱ्यांमध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्यम फ्रान्सिस हिलेब्रँड यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

हिलेब्रँड यांचा जन्म १८५३ साली होनोलुलू येथे झाला. वडील डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८८० मध्ये ते अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागात रुजू झाले आणि खडकांच्या रासायनिक विश्लेषणात त्यांचा हात धरणारा कोणी उरला नाही.

युरेनिनाइट हे खनिज आम्लात विरघळवताना एक निष्क्रिय वायू बाहेर पडतो, असे त्यांना आढळले. वर्णपटात काही अनोळखी रेषाही दिसल्या, पण त्यांनी तो वायू नायट्रोजनच मानला. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी अशाच खनिजातील वायू तपासला आणि तो हेलियम निघाला. तोवर हे मूलद्रव्य केवळ सूर्याच्या वर्णपटावरून माहीत होते. मोठा शोध हिलेब्रँड यांच्या हातून निसटला.

पुढे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी जस्ताच्या एकाच खनिजाचे नमुने अनेक रसायनतज्ज्ञांकडे पाठवले. उत्तरे परस्परांशी अजिबात जुळली नाहीत. ज्या आकड्यांवर खनिजाचा भाव ठरे, तेच बेभरवशाचे होते. १९०८ मध्ये हिलेब्रँड नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ झाले. ओतीव लोखंडाचे पहिले प्रमाणित नमुने तिथे दोन वर्षांपूर्वीच निघाले होते. त्यांच्या कारकिर्दीत हे काम वाढले. नमुना एकजिनसी हवा आणि तो अनेक स्वतंत्र प्रयोगशाळांनी तपासलेला हवा, ही शिस्त पक्की झाली. १९२५ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर ब्युरोने पोलादातील ऑक्सिजनसाठीही असे नमुने तयार केले. मोजणी करताना ग्रॅफाइटच्या मुशीत धातू वितळवतात. त्यातील ऑक्सिजन कार्बनशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि तो वायू मोजला जातो. आजच्या यंत्रांत हा वायू मोजणीच्या कक्षापर्यंत वाहून नेण्याचे काम बहुधा हेलियमच करतो.