मायबोली मराठी, काव्यबोली कन्नड

धारवाडच्या बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलली जाई आणि उंबरठा ओलांडला की कन्नड सुरू होई. ३१ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे या दोन भाषांत वाढले. वडील लवकर गेले. आई अंबिका आणि आजी यांनी त्यांना लहानाचे मोठे केले. शिक्षणासाठी ते पुण्याला आले आणि १९१८ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून बी. ए. झाले. घरची भाषा मराठी, शिक्षण पुण्यात. ते मराठी कवी होणार असेच कुणालाही वाटले असते. पण ते झाले कन्नडचे ‘वरकवी’!

कन्नडही त्यांनी ग्रंथातली निवडली नाही. धारवाडच्या गल्लीबोळांतली, बाजारातली, बायकांच्या गाण्यांतली रांगडी बोली त्यांनी कवितेत आणली. जन्मापासून एकच भाषा ऐकणाऱ्याला तिचा नाद जाणवेनासा होतो. दुसऱ्या भाषेच्या घरातून आलेल्याचा कान मात्र सावध असतो. बेंद्र्यांच्या शब्दांतल्या नादाचे गुपित कदाचित इथेच असावे.

म्हणून त्यांनी मराठी टाकली का? मुळीच नाही. १९४४ ते १९५६ ते सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच पेठेत ऐकू येणारे ते गाव. मराठीत त्यांनी ‘संवाद’ लिहिले आणि त्याला केळकर पारितोषिक मिळाले. ते धारवाडला परतले त्याच १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. नकाशावर रेघ पडली, सीमेवरच्या गावांत मने दुखावली. बेंद्र्यांच्या घरात मात्र दोन्ही भाषा पूर्वीसारख्याच नांदत राहिल्या.

‘नाकु तंती’ या संग्रहासाठी त्यांना ज्ञानपीठ मिळाले. २६ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज कितीतरी घरांत आईची भाषा एक, शेजारची दुसरी आणि शाळेची तिसरी असते. मूल धड कुठलेच राहणार नाही, ही आईबापांची धास्ती खोटी नाही. अशा वेळी बेंद्र्यांचे टोपणनाव आठवावे: अंबिकातनयदत्त, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. कविता कन्नड, पण तिच्याखाली सही करताना मराठी बोलणाऱ्या आईचे नाव आधी!