डॉ. द्वारकानाथ कोटणीस

दाताला लागलेली बारीकशी कीड वेळीच दाखविली, तर दात वाचतो. हयगय केली, तर तो गमवावा लागतो. रणांगणावरील जखमेचेही असेच आहे. तेथे मात्र विलंबाने प्राणच जातात. अशा जखमींच्या सेवेसाठी परदेशी धावून गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे सुपुत्र.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईस घेतले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. तेव्हा राष्ट्रसभेने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठविले. त्यात कोटणीस होते. तेथे ते चिनी भाषा शिकले. आघाडीजवळ राहून त्यांनी रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या आणि चिनी तरुणांनाही ती विद्या शिकविली. १९४१ मध्ये ते तेथील बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले.

इतरांच्या जखमा तत्परतेने बांधणाऱ्या या डॉक्टरांनी स्वतः मात्र विश्रांती घेतली नाही. अपस्माराचे झटके येत असतानाही ते राबतच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या सेवाव्रतास आपण वंदन करावे. आणि कोणतेही दुखणे, मग ते लहानशा दाताचे का असेना, अंगावर काढू नये, हेही ध्यानी ठेवावे.