विषाचा माग काढणाऱ्या अ‍ॅलिसबाई

इंडस्ट्रियल सेफ्टीमधलं विषारी द्रावकांचं चॅप्टर आमच्या अख्ख्या वर्गाने ऑप्शनला टाकलं होतं. मीसुद्धा! पण एका तासाला सरांनी खिशातून काचेची एक बारीक नळी काढली. आत काळे दाणे... कोळसा. ड्रायक्लीनिंगच्या दुकानातल्या कामगाराच्या कॉलरला ही नळी लावायची, कमरेच्या छोट्या पंपाने तिच्यातून हवा ओढायची आणि कोळशात अडकलेलं परक्लोरोइथिलीन नंतर प्रयोगशाळेत मोजायचं. पाळीभरात त्याच्या श्वासावाटे सरासरी किती गेलं असेल, ते कळतं. नाकावर भरवसा ठेवून चालत नाही, कारण नाकाला वासाची सवय होऊन जाते.

मी विचारलं, नळी मशीनला का नाही लावत? सर हसले. श्वास मशीन घेत नाही, माणूस घेतो, असं म्हणाले आणि मला डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन वाचायला सांगितलं. वाचलं, आणि थक्कच झालो. ही नळी नव्हती तेव्हा या बाईंनी माग काढला होता, तो नुसत्या पायपिटीवर.

त्यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ चा, न्यूयॉर्कचा. बालपण गेलं इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनला. १८९३ साली मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. पुढे जर्मनीत शिकून आल्या आणि १८९७ मध्ये शिकागोच्या मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवू लागल्या. राहायला मात्र गेल्या हल हाऊसमध्ये. जेन अ‍ॅडम्स यांनी गरीब, परदेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीत उभारलेली ही संस्था. तिथे शेजारपाजारच्या बायाबापड्यांशी बोलताना बाईंना कळू लागलं की धडधाकट माणसं कामावर जातात आणि आजारी होऊन घरी बसतात.

त्या चुकल्याच नाहीत असं नाही हं. १९०२ च्या टायफॉईडच्या साथीत त्यांनी माश्या गोळा करून तपासल्या आणि साथीचा ठपका माश्यांवर ठेवला. वाहवाही झाली. नंतर उघड झालं की नळाच्या पाण्यात सांडपाणी शिरलं होतं आणि ते दडपलं गेलं होतं. ही फजिती त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. आपण व्हायवातली चूक तरी कबूल करतो का?

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने शिशाच्या विषबाधेची पाहणी त्यांच्याकडे सोपवली. शिसं कुठे कुठे वापरतात याची साधी यादीसुद्धा नव्हती. कारखान्यात शिरायचा कायदेशीर हक्क नव्हता, मालकाने आत घेतलं तरच जायचं. मग बाईंनी हॉस्पिटलची रजिस्टरं चाळली, औषधवाल्यांना गाठलं, कामगारांच्या घरी जाऊन बसल्या. शिसं वापरणाऱ्या सत्तरहून जास्त प्रक्रिया सापडल्या!

त्यातला एक किस्सा तर भन्नाट आहे. बाथटबवर मुलामा चढवणारा एक पोलिश कामगार शिशाच्या लकव्याने हॉस्पिटलात पडला होता. बाई कारखान्यात गेल्या. तिथे सगळं कसं स्वच्छ, शिसं नाहीच म्हणाले. बाई त्याच्या घरी गेल्या, तेव्हा त्याच्याकडूनच कळलं की मुलाम्याचं खरं काम दुसऱ्याच जागी चालतं. तिथे लालभडक तापलेल्या टबवर पूड शिंपडत होते आणि धुरळा थेट नाकातोंडात जात होता. बाईंनी ती पूड तपासून घेतली. शिसं निघालंच!

तोवर कामगार हात न धुता जेवतात म्हणून आजारी पडतात, असं म्हणायची सोय होती. खरं विष हवेतल्या धुळीत आणि वाफेत आहे, हे बाईंनी ठासून सांगितलं. म्हणजे दोष कामगाराच्या सवयीत नव्हता, धूळ ओढून न घेणाऱ्या यंत्रणेत होता. थोडक्यात, तो आपला, इंजिनीअरचा प्रश्न होता.

पुढे त्या द्रावकांकडे वळल्या. बेंझिन हाडांतल्या मज्जेवर घाव घालून रक्ताची वाट लावतं, याचा इशारा त्यांनी १९२२ मध्ये दिला. १९३० च्या दशकाच्या शेवटी रेयॉनच्या कारखान्यांतल्या कार्बन डायसल्फाईडचा माग काढला, तेव्हा वय होतं सत्तरीच्या घरात.

१९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना असिस्टंट प्रोफेसर म्हणून घेतलं. तिथल्या प्राध्यापकवर्गातल्या त्या पहिल्या स्त्री. पण फॅकल्टी क्लबात यायचं नाही आणि पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही, ही अट! १९३५ मध्ये निवृत्त झाल्या, तेव्हाही पद तेच.

२२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षी २९ डिसेंबरला अमेरिकेत कामगार सुरक्षेचा कायदा झाला आणि सरकारी निरीक्षकांना कारखान्यात जाऊन तपासणी करायचा अधिकार मिळाला. बाईंनी उभा जन्म तो परवानगी मागून मिळवला होता.

दोस्तहो, वर्ष-दोन वर्षांत आपण फाटकाच्या आत असू. पाहणीला कुणी आलं तर त्यांना फिरवून आणायचं काम बहुतेक आपल्याच गळ्यात पडेल. तेव्हा आपण त्यांना कुठलं खातं दाखवणार, चकचकीत की खरं? मी तरी ते चॅप्टर आता ऑप्शनला टाकणार नाही.