तुकोबांची उधारीची वही

आपल्या होस्टेलसमोरच्या टपरीवर उधारीची वही खिळ्याला टांगलेली असते. चहा येईपर्यंत कुणीही ती चाळतो. कोणाचे किती थकले, कोण महिनाभर तोंड चुकवतोय, सगळं उघड! आपण हसतो. पण ज्याचं नाव त्या पानावर आहे त्याला हसू येत नाही. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत ज्यांच्या घरचं दुकान आहे, त्यांना ही वही काय चीज असते ते सांगायला नको. जनावरांच्या बाजारात जुने व्यापारी उपरण्याखाली बोटं धरून सौदा करतात, तोही शेजारच्याला आकडा कळू नये म्हणूनच.

अशाच वहीच्या एका मालकाबद्दल आज लिहायचं आहे. आषाढीला आपल्या गावावरून दिंड्या जातात तेव्हा आपण त्यांचं नाव घेतो, पण दुकानदार म्हणून त्यांना फारसं ओळखत नाही. ते म्हणजे देहूचे तुकाराम बोल्होबा, आपले तुकोबाराय.

त्यांचा जन्म १६०८ चा मानतात (काही अभ्यासक याहून आधीचं साल धरतात). घरी शेती, किराणा आणि सावकारी होती, शिवाय देहूच्या बाजाराची महाजनकी. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. थोरले भाऊ सावजी विरक्त, त्यामुळे धंदा लहान वयातच तुकोबांच्या गळ्यात पडला. आईवडील गेले, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यात १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. दुष्काळ म्हणजे काय हे मराठवाड्याच्या पोरांना वेगळं सांगायची गरज नाही. गुरंढोरं गेली, उधारी वसूल होईना, दिवाळं निघालं. पहिली बायको रखुमाई अन्नावाचून गेली आणि मुलगा संतूही गेला.

घरात आता दुसरी बायको जिजाई म्हणजे आवली, पोरंबाळं आणि धाकटा भाऊ कान्होबा होते. आणि एक पुंजी शिल्लक होती : लोकांकडून लिहून घेतलेली खतं. कोणी किती घेतले, काय गहाण ठेवलं, सगळं त्या कागदांत होतं. दुष्काळ सरल्यावर तगादा लावला असता तर घर पुन्हा उभं राहिलं असतं. पण ज्यांच्याकडे तगादा लावायचा तेही याच दुष्काळात होरपळलेले. तुकोबांनी ते सगळे कागद इंद्रायणीत बुडवायचं ठरवलं.

इथे कान्होबा आडवे आले आणि माझ्या मते ते चुकले नव्हते. घर एकत्र, पुंजी एकत्र, त्यांनाही संसार होता. परंपरा सांगते की तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले, निम्मे कान्होबांच्या हातात दिले आणि फक्त आपल्या वाट्याचे नदीत सोडले. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. वैराग्याच्या भरात भावाचा हिस्साही बुडवला असता तरी आपण त्यांचे गोडवेच गायले असते! आवलीचं मत कुणी विचारलं होतं का, ते मात्र कथा सांगत नाही.

त्या कागदाची ताकद कळायला पुढचा एक प्रसंग बघा. मे १८७५ मध्ये त्याच पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा राग मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले की जाळायचे, हे गावोगाव घडलं. म्हणजे देहूत सावकाराने स्वतः पाण्यात सोडलं ते इथे कुळांना आगीत टाकावं लागलं. आणि आज? कर्ज देणारी मोबाईल अॅपं फोनमधले सगळे नंबर उचलायची आणि हप्ता चुकला की मामा-मावशीला फोन लावायची. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये त्याला मनाई केली. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात तर काम संपलं की माहिती पुसून टाकायची जबाबदारीच ठेवली आहे. तुकोबांचं काम संपलं नव्हतं हो, पैसे यायचे होते!

नंतर त्यांनी देहूचं विठ्ठलमंदिर दुरुस्त केलं, भंडाऱ्याच्या डोंगरावर बसू लागले, अभंग रचू लागले. संताजी जगनाडे वगैरे मंडळी ते लिहून घेत. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी हरकत घेतली आणि त्या वह्याही इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या असं वारकरी मानतात. आपली कॉम्प्युटरची पोरं म्हणतील, सर, बॅकअप होता! तेही खोटं नाही, कारण अभंग तोवर शेकडो लोकांच्या तोंडी बसले होते. १६५० मध्ये तुकोबा गेले. आज गाथेत सुमारे ४,५०० अभंग आहेत.

खतांच्या कागदांना मात्र असा बॅकअप नव्हता. त्यामुळे देहूतल्या कुठल्या घराने तुकोबांकडून किती उचल घेतली होती आणि काय गहाण टाकलं होतं, हे आज कुणालाच सांगता येत नाही.