न झोपणारा मुलगा आणि लांबलेले आयुष्य

अंतराळप्रवासाच्या कथा-चित्रपटांत माणसाला दूरच्या ताऱ्यापर्यंत जिवंत पोहोचवण्याच्या दोन युक्त्या असतात. एक म्हणजे त्याला गारठवून झोपवायचे. दुसरी, यान प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळवायचे, म्हणजे यानातला काळच संथ होतो. आपल्या पुराणांतही दोन्ही सापडतात: गुहेत युगानुयुगे झोपलेला मुचकुंद, आणि ब्रह्मलोकात थोडा वेळ थांबून परतल्यावर पृथ्वीवर युगे उलटलेली पाहणारा रेवतीचा बाप ककुद्मी. यांतली दुसरी युक्ती प्रत्यक्ष निसर्गात तपासता येईल, हे फार लवकर ओळखणारा शास्त्रज्ञ मुंबईकर होता. डॉ. होमी जहांगीर भाभा.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. लहानपणी हा मुलगा झोपतच नसे. घाबरलेल्या आईवडिलांनी डॉक्टर केले, तेव्हा मूल धडधाकट आहे, त्याचा मेंदूच फार चालतो, असा निर्वाळा मिळाल्याचे चरित्रकार सांगतात. घरात पुस्तके भरपूर होती. पंधरा-सोळाव्या वर्षीच त्यांनी आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत वाचायला घेतला. घरच्यांना मात्र मुलाने इंजिनीअर होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात यावे असे वाटत होते. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले ते त्यासाठीच. तिथे मन भौतिकशास्त्रात गुंतले. वडिलांनी अट घातली की आधी इंजिनीअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग हवे ते शिक. १९३० मध्ये भाभांनी तो मिळवला आणि इंजिनीअरिंगला रामराम ठोकला.

पुढचा विषय होता विश्वकिरण, म्हणजे अंतराळातून अखंड येणारा अतिवेगवान कणांचा मारा. वातावरणात या कणांची पुढे वर्षावासारखी साखळी कशी तयार होते, याचे गणित त्यांनी १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासोबत मांडले. त्याच सुमारास या वर्षावात इलेक्ट्रॉनपेक्षा जड असा एक नवा कण आढळला होता. १९३८ मध्ये ‘नेचर’मधल्या छोट्याशा टिपणात भाभांनी सुचवले की असा कण आपोआप फुटत असणार, आणि तो वेगात असेल तर आपल्याला त्याचे आयुष्य लांबलेले दिसेल. म्हणजे हा कण हेच एक घड्याळ, आणि त्यावर आइन्स्टाइनचा सिद्धांत सरळ पडताळता येईल. भाभांच्या मनात जपानच्या युकावांनी भाकीत केलेला कण होता. आढळलेला कण पुढे वेगळाच निघाला, त्याला आज आपण म्युऑन म्हणतो. तर्क मात्र तंतोतंत लागू पडला.

हिशेब साधा आहे. स्थिर म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो, म्हणजे सेकंदाचा साधारण साडेचार लाखावा भाग. एवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगाने धावूनही तो ६६० मीटरच जाईल. जोगेश्वरीहून निघालेला अंधेरीलाही पोहोचायचा नाही. आणि तो जन्मतो आपल्या डोक्यावर सुमारे १५ किलोमीटर उंचीवर. तरीही जमिनीवर तळहाताएवढ्या जागेत सेकंदाला साधारण एक म्युऑन पडतो. जोगेश्वरीच्या लेण्यांचे कातळी छतही त्यांतल्या बऱ्याच जणांना अडवू शकत नाही. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेतल्या डोंगरावर व पायथ्याशी म्युऑन मोजून दाखवले की जास्त वेगवान कण खरोखरच जास्त टिकतात.

इथेच दोन युक्त्यांतला फरक कळतो. फ्रिजमधले दूध उशिरा नासते, पण फ्रिजवरचे घड्याळ नेहमीसारखेच चालते. शीतनिद्रा ही तशीच: शरीराचा कारभार मंदावतो, काळ नाही. म्युऑनला ना रक्त, ना पचन. त्याला गारठवून काही उपयोग नाही. तरी तो जास्त जगतो, कारण आपल्या घड्याळाच्या तुलनेत त्याचा काळच हळू सरतो.

आरोग्याच्या दृष्टीने हा फरक बारीक नाही. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत शरीराचे तापमान सुमारे २० अंशांपर्यंत उतरवून रक्ताभिसरण साधारण अर्धा तास थांबवता येते. वर्षानुवर्षांची झोप ही फार पुढची गोष्ट. ती जमली तरी शरीरातल्या पोटॅशियमचा किरणोत्सर्गी अंश नेहमीच्याच गतीने फुटत राहील, बाहेरचे विश्वकिरणही थांबणार नाहीत, आणि गारठलेल्या पेशींची डागडुजी मात्र मंदावलेली असेल. वेगवान यानात पोटॅशियमचे घड्याळही प्रवाशाबरोबरच संथ होते. अडचण इंधनाची. काळ दहापट लांबवायचा तर यानाच्या वस्तुमानात दडलेल्या सगळ्या ऊर्जेच्या नऊपट ऊर्जा नुसत्या वेगासाठी लागेल. घरी परतल्यावर भावंडे म्हातारी झालेली दिसणार, हे मात्र दोन्हीकडे सारखेच.

भाभा १९३९ मध्ये सुट्टीसाठी भारतात आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. बंगळूरला रामन यांच्या संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचे काम चालू ठेवले, विमानातून मापनेही केली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, तीही आधी बंगळूरला आणि मग मुंबईत, पेडर रोडवरच्या एका बंगल्यात. अणुऊर्जा आयोग, तुर्भे, अप्सरा अणुभट्टी हे सर्वांना ठाऊक आहे. त्या गाजावाजात १९३८ चे टिपण जवळपास विसरले गेले, हे खटकते. विश्वकिरणांचा नाद मात्र त्यांनी सोडला नाही. त्यांच्याच प्रोत्साहनाने संस्थेतली मंडळी म्युऑन किती खोलवर जातात ते मोजायला कोलारच्या सोन्याच्या खाणींत उतरली.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला बैठकीसाठी निघालेल्या भाभांचे विमान माँ ब्लाँवर कोसळले. ते ५६ वर्षांचे होते. अकरा वर्षांनी, १९७७ मध्ये, जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कड्यात फिरवलेल्या म्युऑनांचे आयुष्य मोजले गेले. ते भरले ६४ मायक्रोसेकंद, स्थिर म्युऑनच्या सुमारे २९ पट.