रुग्णाला भेटायला जाण्याची वेळ

सकाळी वॉर्डात राउंड सुरू असतो. सलाईन बदलायचे असते, ड्रेसिंग करायचे असते, रुग्णाचे अंग पुसायचे असते आणि नेमके तेव्हाच खाटेभोवती पाच-सहा नातेवाईक उभे असतात. सगळे मायेपोटी आलेले. अशा वेळी आठशे वर्षांपूर्वीचे एक वैद्य आठवतात, मोझेस मायमोनिडीस.

बाराव्या शतकात स्पेनमधील कॉर्डोबा येथे एका विद्वान ज्यू घराण्यात त्यांचा जन्म झाला. ११४८ मध्ये अल्मोहाद राजवट आली आणि ज्यूंना आपला धर्म उघडपणे पाळणे अशक्य झाले. कुटुंबाने अनेक वर्षे भटकंती केली, मोरोक्कोतील फेज शहरात काही काळ काढला आणि शेवटी इजिप्तमध्ये, कैरोजवळच्या फुस्तात येथे घर केले. धाकटा भाऊ डेव्हिड व्यापार करून घर चालवी. एका सफरीत तो हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर कुटुंबाचा पैसाही गेला. मोझेस सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले. ताप, अंगावर फोड आणि मनाला ग्रासणारी खिन्नता. भावाची विधवा पत्नी आणि लहान मुलगी आता त्यांच्याच आधारावर होती.

पुढे वैद्यकी हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन झाले. सुलतान सलाहुद्दीनच्या दरबारापर्यंत त्यांचे नाव पोहोचले. रोज सकाळी कैरोला जायचे, दुपारनंतर भुकेल्या पोटी परतायचे, तर अंगणात ज्यू आणि इतर धर्मीय रुग्णांची गर्दी. रात्री थकव्याने आडवे होऊनही ते रुग्णांना औषधे सांगत.

याच माणसाने ज्यू धर्मनियमांचा 'मिश्ने तोरा' हा १४ भागांचा ग्रंथ रचला. त्यात रुग्णाला भेटणे हे प्रत्येकाचे कर्तव्य सांगितले आहे. थोरानेही लहानाच्या भेटीला जावे. मात्र भेटीचा त्रास होता कामा नये. साध्या आजारात तिसऱ्या दिवसापासून जावे, अचानक गंभीर झाल्यास लगेच. पोटाचे, डोळ्यांचे किंवा डोकेदुखीचे दुखणे असेल तर आत जाऊ नये, कारण भेट त्या रुग्णाला जड जाते. रुग्णाच्या उशापाशी किंवा त्याच्याहून उंच जागी बसू नये. खाली बसावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि निघावे.

दिवसाच्या पहिल्या व शेवटच्या तीन तासांत जाऊ नये, हा नियम जुन्या तालमूदमधला. तिथे कारण असे, की सकाळी रुग्ण बरा दिसतो, म्हणून प्रार्थना करावीशी वाटत नाही आणि संध्याकाळी इतका खालावलेला दिसतो, की आशाच सुटते. मायमोनिडीस यांनी नियम तोच ठेवला, कारण मात्र दुसरे दिले: त्या वेळी घरचे लोक रुग्णाच्या सेवेत गुंतलेले असतात. जुन्या कारणात भेटणाऱ्याच्या मनाचा विचार होता. नव्या कारणात रुग्णाच्या गरजेचा. हा बदल रुग्णाच्या खाटेजवळ आयुष्य घालवलेल्या वैद्यालाच सुचावा.

१२०४ मध्ये फुस्तात येथे त्यांचे निधन झाले. रुग्णालयातल्या भेटीच्या वेळा म्हणजे आडमुठेपणा, असे अनेकांना वाटते. पुढच्या वेळी कुणाला भेटायला निघाल तेव्हा आधी घरच्यांना विचारा, आता आलो तर चालेल का? तिथे पोहोचल्यावर स्टूल ओढून रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसा, त्याला बोलू द्या आणि तो दमण्याआधी उठा.