प्राणवायूची मात्रा

२०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, प्राणवायूच्या एकेका सिलिंडरसाठी लोकांनी जिवाचे रान केले. तेव्हापासून प्राणवायू म्हणजे प्राणच, तो जितका द्यावा तितका चांगला, अशी समजूत घट्ट झाली आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला दाबाच्या पेटीत ठेवून शुद्ध प्राणवायू दिला तर हृदय पुन्हा उभारी धरेल, असे कोणी सांगितले तर निलंग्याचा शेतकरी वडिलांसाठी रानाचा तुकडाही विकेल. अशा वेळी जे. बी. एस. हाल्डेन यांचे आयुष्य आठवावे. प्राणवायूचीही मात्रा असते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर पाहिले होते.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ चा, ऑक्सफर्डचा. वडील जॉन स्कॉट हाल्डेन खाणींतल्या विषारी वायूंचे अभ्यासक. खोल पाण्यातून माणसाने टप्प्याटप्प्याने वर कसे यावे, याची कोष्टके त्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठीच्या प्रयोगांच्या काळात तेरा वर्षांचा मुलगाही मोठ्या माणसाचा ढगळ पोशाख चढवून स्कॉटलंडच्या समुद्रात उतरला होता. प्रयोग आधी स्वतःवर करायचा, हा त्या घरचा कुळाचारच होता.

पुढे हाल्डेन आनुवंशिकतेच्या गणितासाठी जगभर गाजले. पण १ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली आणि ९९ माणसे दगावली. त्यांत कामगारही होते. कामगार संघटनेच्या विनंतीवरून हाल्डेन यांनी चौकशीत लक्ष घातले आणि ते स्वतः दाबाच्या पेटीत जाऊन बसले. जादा दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला की माणसाला आकडी येते, हे त्यांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर अनुभवले. अशाच एका आकडीत त्यांचे मणके दबले. ती पाठदुखी जन्मभर त्यांच्या सोबतीला राहिली.

१९५७ मध्ये ते भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रमले. पुढे त्यांनी इथले नागरिकत्व घेतले आणि ते भुवनेश्वरला गेले. कर्करोग झाल्यावर त्यांनी आपल्याच दुखण्यावर विनोदी कविता लिहिली. वेळेवर डॉक्टर गाठा, हा तिचा मथितार्थ. १ डिसेंबर १९६४ रोजी ते गेले. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला.

याच सुमारास दाबाची पेटी रुग्णालयात शिरली होती. १९६० च्या आसपास अॅमस्टरडॅमचे शल्यविशारद बोरेमा यांनी डुकरांच्या रक्तातील तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकल्या आणि तीन वातावरणांच्या दाबाखाली प्राणवायू देऊन ती जनावरे जगवली. मी बँकेतला माणूस, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशींची तिजोरी साध्या हवेतच ९७-९८ टक्के भरलेली असते. दाब वाढवला की जादा प्राणवायू रक्तद्रवात विरघळतो. पण झटक्यात हृदयाकडे जाणारा रस्ताच गुठळीने बंद झालेला असतो. तिजोरी कितीही भरली, तरी रस्ता बंद असेल तर शाखेत रोकड कशी पोचणार?

तरीही आशा होती, म्हणून चाचण्या झाल्या. १९७३ मध्ये लंडनमध्ये २०८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत पेटीतल्या रुग्णांचे मृत्यू थोडे कमी दिसले, पण निर्विवाद निष्कर्ष निघाला नाही. पुढे अशा सहा चाचण्यांतील ६६५ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला. फायद्याची चिन्हे दिसली, पण सरसकट वापर करावा इतका पुरावा नाही, असेच निघाले. साध्या नळीतून दिलेल्या प्राणवायूचीही २०१७ मध्ये स्वीडनमध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवर परीक्षा झाली. ज्यांच्या रक्तात तो पुरेसा होता, त्यांना जादा देऊन लाभ झाला नाही.

याचा अर्थ पेटी निरुपयोगी असा नव्हे. पाण्याखाली काम करणाऱ्यांचे दुखणे, कोळशाच्या धुराची विषबाधा, न भरणाऱ्या काही जखमा यांत ती उपयोगी पडते. हृदयाच्या झटक्यात मात्र मोल वेळेचे. निलंग्याहून लातूर सुमारे पन्नास किलोमीटर. छातीत कळ आली की अपचन म्हणून ओवा चघळत बसू नये. जवळच्या रुग्णालयात जाऊन हृदयाचा आलेख काढावा. गुठळी विरघळवण्याचे औषध किंवा अँजिओप्लास्टी, यांतले काय आणि कुठे करायचे, ते डॉक्टर ठरवतील. पेटीचा सल्ला कोणी दिलाच, तर तो कोणत्या पुराव्यावर आणि किती मात्रेचा, एवढे विचारावे. रान विकण्याआधी हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. हाल्डेन यांनी त्याचे मोल मणक्यांनी आधीच मोजले आहे.